नवी सुरी

मांस, दूध सगळंच सोडलं म्हणून बापाशी कडाक्याचं भांडून गेलेली खाटकाची लेक सात वर्षांनी घरी आली. बापाने मैद्याच्या पारीत गाजर-वाटाणा भरून भाजलेले गरमागरम इंग्रजी 'पाय' (pie) तिच्यापुढे ठेवले.

"जन्मभर बकऱ्याचे पाय विकले, आता भाजीलाही पाय फुटले बघ! आणि लोण्याचा कण नाही हो, तेलात मळलंय."

तिला हसू आलं, पण हात पुढे होईना.

"बाबा, भाजी चिरलीत कुठल्या सुरीने?"

"नव्या. मांसाला शिवलेलीसुद्धा नाही. कालच आणली."

सुरी ओट्यावरच होती, शेजारी सुरीभोवती गुंडाळलेला, आता सोडवून ठेवलेला पिवळट पेपर. तिने घड्या उलगडून तारीख पाहिली. तिने घर सोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.