दोन नावांची खोली

“आणि महत्तया? तुमचे साहेब?” करुणावतीने गुनवोरच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहत विचारलं. श्रीलंकेच्या किनाऱ्यावर, तंगल्लमधल्या तिच्या गेस्टहाउसमधली समुद्राकडची खोली दोन नावांनी घेतलेली होती. गाडीतून मात्र एकटी गुनवोरच उतरली होती.

“मागून येतायत,” गुनवोर म्हणाली, आणि आपण इतकं सहज खोटं बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

साहेब येणार नव्हते. ऑस्लोच्या विमानतळावर, सामान द्यायच्या रांगेत, तोर्लाइफ अचानक म्हणाला होता, “नको. उकाडा, आजारपणं, परकी माणसं. या वयात कशाला? चल घरी.” लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. त्याने ‘नको’ म्हटलं की विषय संपायचा. स्पेन नको, होडी नको, कुत्रा नको. त्या दिवशी मात्र गुनवोरची बॅग पट्ट्यावर ठेवून झाली होती. बॅग पुढे सरकली, पडद्याआड गेली, आणि तिच्यामागोमाग गुनवोरही गेली. तो हाका मारत राहिला. मागे वळून पाहिलं असतं तर पाय तिथेच खिळले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता अडुसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदाच एकटी, ती या खोलीत कडी लावून पलंगाच्या कडेला बसली होती. पायातले बूटही तिने काढले नव्हते. भिंतीवर पाल चुकचुकत होती. बाहेर बसचे भोंगे कोकलत होते. पाठीवरून घामाची धार लागली होती आणि पासपोर्ट तिने पोटाशी घट्ट धरला होता. परत जावं. उद्याच जावं.

दारावर थाप पडली. “नोना, बाईसाहेब, पळून जायचं असलं तर पोटात काही घालून पळा. उपाशी माणूस लांब पळत नाही.”

करुणावतीने तिला स्वयंपाकघरातच बसवलं. शेवयांच्या वाफाळत्या चकत्या, माशाचं कालवण, नारळाची लालभडक चटणी. गुनवोरने काटा मागितला.

“काटा आहे. देणार नाही,” करुणावती म्हणाली. “हात कशाला दिलेत देवाने?”

चटणीने गुनवोरच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने नाक पुसलं आणि पुन्हा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती फाटकापर्यंत गेली. मग कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत. मग मासळीबाजारात, जिथे तिने एक सुरमई इतकी घासाघीस करून घेतली की कोळीण हसत सुटली. रोज कुणी ना कुणी विचारायचं, “साहेब आले का?” ती म्हणायची, “येतायत.” रोज तोर्लाइफचा फोन यायचा. “हौस फिटली ना? आता ये.” ती म्हणायची, “उद्या बोलू.”

आठवडाभराने, भर दुपारी, फाटकाशी रिक्षा थांबली आणि तीतून तोर्लाइफ उतरला. लालबुंद चेहरा, पायात लोकरीचे मोजे, बॅग लहान मुलासारखी छातीशी.

“आले! साहेब आले!” करुणावती शहाळं घेऊन धावली.

त्याने ते घेतलं नाही. “यात काय आहे?”

“नारळाचं पाणी.”

“उकळलेलं?”

करुणावतीने गुनवोरकडे पाहिलं, आणि शहाळं पायरीवर ठेवून ती आत गेली.

“आवर,” तोर्लाइफ म्हणाला. “उद्याच्या विमानाची दोन तिकिटं काढलीयत.”

“आधी बस तरी.”

“बसायला नाही आलो. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. घरी गावातल्या बँकेत कधी एकटी गेली नाहीस तू! इथे तुझं काय झालं असेल, भीतीने अर्धमेली झाली असशील...”

“झाले होते. पहिल्या दिवशी.”

“मग?”

“मग दुसरा दिवस उजाडला.”

तोर्लाइफसमोर उभी राहून गुनवोर असं कधीच बोलली नव्हती. पण आवाज तिचाच होता आणि तो कापत नव्हता.

“मी परत येत नाहीये, तोर. एवढ्यात नाही. उद्या मी वर डोंगरात जातेय, चहाच्या मळ्यांकडे. बसने.”

“बसने? तू? मी नको म्हणतोय, गुनवोर.”

“ऐकलं मी.”

ती हलली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. ती आता बॅग भरायला उठेल, आता उठेल, अशी वाट पाहत राहिला. मग हळूहळू पायरीवर बसला. रस्त्यावरून एक बस भोंगा वाजवत गेली तसा तो दचकला. बागेत नारळाची एक वाळकी झावळी धपकन पडली. त्याने पटकन पाय वर घेतले.

“गुनवोर,” तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. “इथे साप असतात का गं?”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, कधी नव्हे इतकं नीट. स्पेन, होडी, कुत्रा. इतकी वर्षं ज्याला ती हुकूम समजत आली होती, ती नुसती भीती होती. हा तेवढ्या भीतीनिशी विमानात बसला होता, आणि तिच्यासाठी अर्ध्या जगापलीकडे आला होता.

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली.

“असतात,” ती म्हणाली. “बस सकाळची आहे. येतोस?”