विविध गुणदर्शन

प्रभूआप्पांना भज्यांची बशी टेकवायला कागद हवा होता. हाताशी समोर बसलेल्या मिनाची गुणपत्रिका होती. त्यांनी तीच बशीखाली सरकवली.

झेरॉक्स होती म्हणा. पण त्या झेरॉक्सवर साहेबाची सही घ्यायला मिना तहसीलला तीनदा जाऊन आली होती. बारावी सायन्स, सहाशेपैकी पाचशे एकतीस. आता बशीच्या बाहेर फक्त तिचं नाव आणि कॉलेजचा शिक्का दिसत होता, आणि तेल हळूहळू शिक्क्याकडे निघालं होतं.

आप्पा औंढ्यातल्या एका शिक्षण संस्थेचे सचिव. हिंगोली जिल्हा झाल्यापासून संस्थेला समारंभांचं वेडच लागलं होतं. यंदा त्यांनी पेपरात जाहिरात दिली होती, बारावीला पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्यांना शिक्षण संपेपर्यंत शिष्यवृत्ती. त्या जाहिरातीच्या जोरावर मिनानं परभणीच्या कृषी विद्यापीठात जागा धरली होती. सोमवारी तिथं संस्थेचं पत्र दाखवायचं, नाहीतर जागा पुढच्या नंबरवाल्याला. आज शुक्रवार होता.

तिची आई भिकाबाई दाराबाहेर चपलांपाशी बसली होती. ती आत यायला निघाली तेव्हा शिपाई आडवा आला होता. "मावशी, तुमी हितंच बसा. आत गालिचा नवा हाय." भिकाबाईनं आरशांची ओढणी सावरली, तांड्यावरची धूळ लागलेला घागरा आवरला आणि तिथंच बसली.

"ती तुझी आई का?" आप्पांनी भजं मोडता मोडता दाराकडं पाहिलं. "अरे वा! ओरिजनल ड्रेस आहे. आरसे, कवड्या, सगळं बराबर. हाच घेऊन ये रविवारी. तुला बसंल ना?"

"काहून, सर?"

"काहून म्हंजे? कार्यक्रम आहे आपला. पाहुणे मुंबईहून येऊन राहिले. तुमचा तो लमाणी नाच ठेवलाय, एकदम टॉप होईल." आप्पांचं तोंड भरलेलं होतं, तरी ते हसले. "दोन स्टेप करून दाखव बरं."

अंगावर पाल पडावी तसं मिनाला झालं. ती खुर्चीतून हलली नाही.

"मी पत्राचं विचारायला आले, सर. सोमवारी द्यायचंय."

"मिळंल की! नाच झाला का पाहुणे खूश होऊन स्टेजवरूनच जाहीर करतील. टाळ्या बघ कशा पडतेत."

म्हणजे पाचशे एकतीस गुण तिनं मिळवायचे आणि हाती पडायची ती नाचाची बक्षिसी. किळस यावी अशी गोष्ट माणूस किती मायेनं बोलू शकतो, ते आप्पांकडून शिकावं. वर त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातून एक निमंत्रणपत्रिका काढली आणि, जणू लेकीचंच लग्न ठरवलंय अशा कौतुकानं, तिच्यापुढं धरली. कार्डाच्या कोपऱ्यावर त्यांच्या बोटाचा तेलकट ठसा उमटला.

मिनानं वाचलं. वर मोठ्या अक्षरांत 'गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार'. त्याखाली एकच नाव, तिच्याच वर्गातल्या शिवशंकरचं, आणि नावापुढं ८५.३३ टक्के. मग खाली, वेलबुट्टीच्या चौकटीत, 'विविध गुणदर्शन'. तिथं लिहिलं होतं, लमाणी नृत्य : कु. मिना उत्तमसिंग राठोड. पुढं टक्के नव्हते.

"सर, शिवशंकर काय करणार रविवारी?"

"तो काय करंल? हार घालून घेईल. त्याचे मार्क चांगले आहेत ना."

"मला अठ्ठ्याऐंशी पूर्णांक पन्नास आहेत."

"असतील की," आप्पा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक भजं उचललं. "मार्क काय, कुणालाही पडतेत. स्टेजवर काहीतरी येगळं दिसाया पाहिजे. आन् नाव आलंय ना तुझं कार्डावर? मग?"

मिनानं बशी बाजूला केली. गुणपत्रिका उचलली. तेल आरपार गेलं होतं, आकडे आता मागच्या बाजूनंही दिसत होते. ती कार्डाशेजारी ठेवून तिनं आप्पांच्या स्टँडमधलं पेन काढलं. चौकटीतली नाचाची ओळ तिनं खोडली, दोनदा, खालचं अक्षर दिसेनासं होईपर्यंत. मग शिवशंकरच्या नावाच्या वर जागा होती तिथं लिहिलं, कु. मिना उत्तमसिंग राठोड, ८८.५० टक्के. आकडा नीट आला.

"अगं ए!" आप्पा अर्धवट उठले. "चारशे कार्डं छापलीत ती! किती खोडशील?"

मिना थांबली. खरंच, गठ्ठा केवढा होता.

दाराशी कवड्या वाजल्या. भिकाबाई नव्या गालिच्यावरून सरळ चालत आली, शिपाई 'मावशी, मावशी' करत राहिला. ती मिनाच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिनं कार्डावर झुकून पाहिलं.

"कोणती वळ गं?"

"ही, याडी," मिनानं आईला दाखवत चौकटीतल्या ओळीवर बोट ठेवलं.

भिकाबाईनं स्टँडमधलं दुसरं पेन घेतलं आणि अर्धा गठ्ठा आपल्याकडं ओढला.

"लिवता येत न्हाई मला, साहेब," ती आप्पांकडं न बघता म्हणाली. "खोडता येतंय."