मधली सुट्टी

"डॉक्टर, तुम्ही स्वतःच्या मुलीला दिवसातनं किती तास मोबाईल देता?"

काव्यानं माइक चालू करून विचारून टाकलं एकदाचं. सकाळीच मैत्रिणींच्या ग्रुपवर सोनालीनं डिवचलं होतं, हिंमत असेल तर विचार म्हणून. नववीत गेल्यापासून काव्याकडं हिंमतीची काही कमी नव्हती. लॉकडाऊनमुळं शाळेनं मोबाईलवरच ऑनलाइन ठेवलेलं भाषण, विषय मुलांचं आरोग्य. डॉक्टरबाई पाऊण तास सांगत होत्या. जेवताना स्क्रीन नको, डोळे बिघडतात, लहान मुलं बोलायची थांबतात. काव्यानं आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता, आईच्या कानावर जावा म्हणून.

आई, म्हणजे तिची अव्वा, शिलाई मशीनवर वाकलेली होती. शाळाच बंद, तर गणवेश कोण शिवून घेणार? उरलेल्या चौकडीच्या कापडाचे ती मास्क शिवत होती आणि अप्पा तुकडे कापून देत होते. मधे पाच वर्षांची धाकटी बहीण सिद्दू, गालात घास धरून मोबाईलकडं बघत बसलेली. कार्टून लागल्याशिवाय तो घास खाली उतरायचा नाही. घरात कानडी, गल्लीत मराठी, आणि ही बया बोलायची कार्टूनची हिंदी. हल्ली डोळेही सारखे मिचकावायची.

डॉक्टरबाई कॅमेऱ्याजवळ सरकल्या. त्यांच्या नाकावर मास्कचा वळ उठला होता.

"बारा तास," त्या म्हणाल्या. "माझी ड्यूटी तेवढीच असते. शेजारच्या काकू दारात ताट ठेवून जातात. मोबाईल लावला की जेवते."

हसणारे इमोजी टाकायला टपलेल्या पोरींनी बोटं मागं घेतली. सोनालीनं 'सॉरी मॅम' लिहिलं. तास संपला.

अव्वाला सुनावायला काव्यानं आठवडाभर चार वाक्यं जुळवून ठेवली होती. ती चारही तिनं आता सोडून दिली.

"दे गं तिला आता," अव्वा मान वर न करता म्हणाली. "संध्याकाळी दोनशे मास्क न्यायला माणूस येणार हाय."

"अव्वा, तू ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या?"

"ऐकलं की. मागं मी बंद करून बघितला नव्हता व्हय? दोन दिवस उपाशी राहिली पोरगी. तिसऱ्या दिवशी मीच हरले."

सिद्दूनं हात पुढं केला. "दीदी, दो ना!"

"दीदी कोण? अक्का म्हण." काव्यानं मोबाईल फळीवर उंच ठेवून दिला. कोपऱ्यातला शिवलेल्या गणवेशांचा गठ्ठा सोडला आणि बालवाडीच्या मापाचा एक शर्ट ओढून काढला.

"अगं, ते ऑर्डरचं हाय," अप्पा म्हणाले. "चुरगळू नको."

"गेल्या वर्षीची ऑर्डर, अप्पा. आलंय का कोण न्यायला?"

अप्पांनी कात्री चालवायला घेतली, पण कापड काही कापलं गेलं नाही.

काव्यानं रडवेल्या सिद्दूला समोर उभी केली आणि शर्ट चढवला. बाह्या कोपराच्या खाली आल्या. वरून एकेक बटण लावत ती खाली आली. सिद्दू मान वाकवून बटणं बघू लागली. मग शेवटचं बटण तिनं स्वतःच लावून बघितलं. दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा लागलं, आणि तेवढ्यात गालातला घास कधी गिळला ते तिचं तिलाही कळलं नाही.

काव्या उठून उभी राहिली, मुख्याध्यापक बाई उभ्या राहतात तशी.

"उद्यापासून सिद्दूची शाळा हितंच भरणार," तिनं दोघांना सांगून टाकलं. "गणवेश सक्तीचा. मधली सुट्टी बारा ते साडेबारा. शाळेत मोबाईल आणायचा न्हाई."

"बरं बाई," अव्वा दमून हसली. पायाखाली मशीन चालूच होती. "आमाला काय काम त्यात?"

"मधल्या सुट्टीत तुमी दोघांनी पण डब्याला बसायचं. मशीन बंद करून."