किती वर्षं राहणार?

"किती वर्षं राहणार?" सासऱ्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, आणि शेजारी बसलेल्या सुनेने मनातल्या मनात कपाळावर हात मारला.

समोरच्या खुर्चीतला मेकॅनिक जरा गडबडला. तिशी ओलांडलेला, लिफ्टच्या कामात मुरलेला माणूस. सुनेने त्याला हुडकून काढून, पुन्हा पुन्हा फोन करून बोलावलं होतं. लिफ्ट दुरुस्तीच्या या धंद्यात त्यांच्याकडे टिकलेला मेकॅनिक एकच, आणि त्याला सगळे मामा म्हणत. मामा महिनाअखेरीस काम सोडून मुलीकडे राहायला जाणार होते. त्यानंतर एवढ्या इमारतींच्या लिफ्ट कुणाच्या भरवशावर चालवायच्या, या काळजीने सुनेची झोप उडाली होती. सासऱ्यांची मात्र दुपारचीसुद्धा चुकत नव्हती.

"काम कायमचं असेल तर कायम राहीन, साहेब," मेकॅनिक म्हणाला. "पोरांना इथल्याच शाळेत घातलंय. आता फिरती नको वाटते."

"हं," सासरे म्हणाले.

हे 'हं' सुनेच्या चांगलंच ओळखीचं होतं. कायम राहीन म्हणतो म्हणजे याला दुसरीकडे कुणी विचारत नसणार, असं सासऱ्यांचं गणित. बरं, दोन वर्षं राहीन म्हणणारा आला, तर मग त्याला शिकवून आपला काय फायदा? या चाळणीतून आजवर एकही धड माणूस पार पडला नव्हता. मग ऐन वेळी हाताला लागेल तो धरायचा, 'सहा महिने बघू' म्हणायचं, आणि मामांनी त्याला घडवायचं. कुठल्या इमारतीतली लिफ्ट कशाने रुसते हे त्याला कळू लागलं, की तो नाक्यावरच्या दुसऱ्या लिफ्ट कंपनीत कायमच्या नोकरीवर निघून जाणार. तिथले निम्मे मेकॅनिक रस्त्यात मामांना बघून हात जोडत. सासऱ्यांना याचा चक्क अभिमान वाटायचा.

"सहा महिने बघू," सासरे म्हणाले. "मग ठरवू."

"बाबा, यांना मी कायमच्या जागेसाठी बोलावलंय."

"अगं, लग्न लावतोय का आपण? माणूस आधी वापरून बघावा."

"माणूस आहे तो, चप्पल नाही!" तिचा आवाज चढला. "दर वेळी तहान लागली की विहीर खणायची. शिकवायचं आपण आणि कमवायचं दुसऱ्यांनी. मामा गेले की नव्याला शिकवायलाही कुणी नसेल. तेव्हा काय करणार?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

मेकॅनिक उठला. "सहा महिन्यांचं काम मला कुठेही मिळतं, मॅडम. तुम्ही कायमचं म्हणालात म्हणून आलो होतो." चिडून नाही, पण ठाम बोलला.

ती त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली. "दहा मिनिटं थांबा. माझ्यासाठी. बाहेर मामा आहेत, त्यांच्याशी बोलत बसा."

दार लावून ती परत आली, पण सासऱ्यांच्या शेजारी गेली नाही. त्यांच्या समोर, मेकॅनिकच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

"हे काय आता?"

"मुलाखत द्यायला आले आहे. तक्रारी मी लिहून घेते, सुटे भाग मी मागवते, मध्येच अडकलेल्या लोकांना फोनवरून धीर मी देते. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच करते आहे, आणि अजून कुणीही आलं की तुम्ही सांगता, 'सध्या सूनबाई ऑफिस बघते.' मला कधी नेमलंच नाहीत. आज नेमा. विचारा, किती वर्षं राहणार."

सासरे खळखळून हसले. त्यांना ती थट्टाच वाटली.

"तुला काय विचारायचं, वेडे? तू कुठे जाणार आहेस?"

तिला रडूच आलं असतं, पण राग इतका होता की रडायला सवड नव्हती. बंद दाराच्या काचेतून मेकॅनिकची पाठ दिसत होती. तो मामांशी बोलत होता आणि मधूनच घड्याळ बघत होता. तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"कुठे जाणार, हे विचारलंत एकदाचं," ती म्हणाली. "आता उत्तर देऊ, की आधी त्यांना कायमचं म्हणून आत बोलावू?"