बारा ते चार

"दुखलं किंवा बधिर वाटलं की मुठीतली घंटी टाकायची, मी लगेच दोरी कापतो," श्रीरंग दर वेळी बजावायचा. मुलं शाळेत गेली की नवराबायको हा बांधण्याचा खेळ खेळत, दोघांच्या मर्जीनं. कात्री उशाशी असे. रोज बारा ते चार वसुधाचं मौन, म्हणून शब्दाऐवजी घंटी.

आज दंडाला दोरी काचली आणि पंजा बधिर झाला. तिनं घंटी टाकायला पाहिलं, तर मूठच उघडेना. ओरडता आलं असतं. पण अकरा वर्षांचं मौन मोडायचं कसं, म्हणून ती निमूट पडून राहिली.

थोड्या वेळानं श्रीरंगनं तिची बोटं चाचपली आणि घाईनं दोरी कापली. मनगट लुळं लोंबत होतं.

"अगं, एक शब्द बोलायचंस ना," तो म्हणाला. "आता डॉक्टरांना खरं तूच सांग. माझी जीभ रेटणार नाही. वचन दे."

तिनं होकारार्थी मान हलवली. भीती वाटायला हवी होती; काहीच वाटत नव्हतं.

तीन वाजले होते. डाव्या हातानं पदर सावरून तिनं चपला घातल्या.

"चला," ती म्हणाली. "सांगते मी."