झिरो नंबर

“‘पूर्वी डोळ्यांवर लेझर केलं आहे का?’” मुलीने दवाखान्याच्या फॉर्मवरचा प्रश्न मोठ्याने वाचला आणि मान वर केली.

चष्मेवाल्याला खोकला आला. आला कसला, त्याने काढला. खोकला संपेपर्यंत ती थांबली, मग खाली वाकून लिहू लागली. पेन बराच वेळ चाललं. काय लिहिलं ते त्याला दिसलं नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातभरावरचा कागदही दुधात बुडवल्यासारखा दिसायचा. पण ‘नाही’शिवाय ती दुसरं काय लिहिणार? लेझरला निघालेल्या निम्म्या गावाला ज्याने दुकानात बसवून परत फिरवलं, त्याची ती मुलगी.

आणि लेझर तर त्याने स्वतःच केलेलं होतं.

बावीस वर्षांपूर्वी. फ्रेमचं प्रदर्शन बघून येतो असं घरी सांगून तो परगावी गेला आणि मायनस सातचे डोळे झिरो करून आला. येताना गाडीत त्याला धंदा आठवला. चष्मेवाल्यालाच चष्मा नको, तर गिऱ्हाइकाने का घ्यावा? मग त्याने फ्रेमला साधी काच बसवली आणि चष्मा पुन्हा नाकावर चढवला. जाड काच कुठे गेली असं विचारणाऱ्यांना म्हणाला, “नवीन पातळ काच आलीय.” त्या वर्षी पातळ काचा धडाधड खपल्या. पुढे चाळिशीचा वाचायचा नंबर खालच्या अर्ध्यात आला, तो काय सगळ्यांनाच येतो. वरचा अर्धा मात्र साधाच राहिला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

एवढ्यावर थांबलं असतं तर गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. पण मुलीनेही बापाचेच डोळे उचलले, तोच मायनस सात. बारा वर्षांपूर्वी ती दुकानात यायला लागली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, “बाबा, मी लेझर करू का?” त्याने नाकावरचा चष्मा बोटाने वर सरकवला. “डोळ्यांशी खेळ नको. मी घालतोच आहे ना चष्मा? काय अडलंय माझं?” तिने तो विषय पुन्हा काढला नाही. जाड काचेमागे तिचे मोठे डोळे बारीक दिसत. ते पाहिले की त्याला स्वतःची लाज वाटे.

आता आत डोळ्याचं माप घेणार, मापावरून डोळ्यात बसवायची लेन्स ठरणार आणि दुपारी ऑपरेशन. चुकून डाव्याचं होऊ नये म्हणून परिचारिकेने त्याच्या उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावली होती. बाकावर त्याच्याआधी एकच म्हातारबुवा उरले होते. चष्मेवाल्याचा जीव टांगणीला लागला. तो धंद्यातला माणूस. लेझरने डोळ्याची पुढची बाजू चपटी होते, ते लपवलं तर लेन्सचं गणित दोन-तीन नंबरांनी हुकतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग मनात आलं, हुकू दे की. लेन्स चुकली तर लांबचा चष्मा लागेल, खराखुरा, नंबरवाला. बावीस वर्षांचं खोटं संध्याकाळपर्यंत खरं होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यासाठी फक्त गप्प बसायचं होतं.

क्षणभर त्याला हायसं वाटलं. पण मग दोन डोळ्यांचे नंबर जुळायचे नाहीत. उजवा डोळा एक सांगणार, डावा दुसरंच. अशी माणसं त्याने दुकानात पाहिली होती. दुकानाची एवढीशी पायरी उतरताना ती भिंतीला हात लावून उतरत.

म्हातारबुवा आत गेले.

“चष्मा द्या बाबा, आत नेता येत नाही,” मुलगी म्हणाली. तिने पर्समधून मऊ फडकं काढलं आणि काचा पुसू लागली. आधी मधला भाग, मग कडा, त्याने शिकवलं होतं तसंच. “ऑपरेशननंतर वरचा नंबर बदलेल, नाही?”

साधी काच ती इतक्या मायेने पुसत होती की त्याला पाहवेना.

“पुढचे कोण? चला आजोबा,” परिचारिकेने दार उघडलं.

चष्मेवाला उठला नाही.

“वर काही नंबर नाही,” तो म्हणाला. “साधी काच आहे ती. मी लेझर केलंय. स्वतः करून आलो आणि तुला नको म्हणालो, दुकानापायी. फॉर्म आण, खोड ते.”

तिने फॉर्म त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा मागून पुन्हा नाकावर चढवला, फॉर्म अगदी जवळ आणला आणि एकेक अक्षर लावत वाचलं : ‘होय. बावीस वर्षांपूर्वी. दोन्ही डोळे. आधीचा नंबर मायनस सात.’ खाली टाचणीने त्याचं दुकानातलं जुनं कार्ड लावलेलं होतं. बावीस वर्षांपूर्वीच्या मायनस सातनंतर त्यावर लांबच्या नंबराची एकही नोंद नव्हती.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“दुकानात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात काचेचा नंबर काढायचं मशीन शिकवलंत ना, त्याच दिवशी तुमचा चष्मा ठेवून पाहिला. वर झिरो आला. मला वाटलं, मलाच मशीन जमत नाहीये.” ती किंचित हसली. “चार वेळा ठेवला.”

“मग तेव्हाच विचारायचं नाही का, पोरी?”

परिचारिकेने पुन्हा हाक मारली. मुलीने त्याच्या दंडाला धरून त्याला उभं केलं.

“विचारलं होतं की, बाबा,” ती म्हणाली. “‘मी लेझर करू का?’ म्हणून.”