बंबवाल्याचं बेकन

ओव्हनचं दार उघडलं आणि काळ्या धुराचा लोट थेट साहेबांच्या तोंडावर आला. साहेब म्हणजे अग्निशमन केंद्राचे प्रमुख. "ओव्हन चालू असताना डोळा लागू देऊ नका," असं कालच त्यांनी याच इमारतीतल्या लोकांना तळमळून सांगितलं होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या. आज त्यांचाच डोळा लागला होता, खुर्चीत, पेपर छातीवर घेऊन.

हा सगळा उपद्व्याप बायकोसाठी होता. आठवडाभर घरात अबोला होता. पाहुण्यांसमोर साहेबांनी तिच्या शिवणक्लासची टिंगल केली होती. साधं "चुकलो" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण पेटत्या घरात शिरणाऱ्या या माणसाच्या घशात तो एक शब्द अडकत होता. त्यापेक्षा तिच्या आवडीचं कुरकुरीत बेकन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या, भाजणं सोपं, असं त्यांना वाटलं. ट्रेवर कागद अंथरला, पट्ट्या कवायतीसारख्या ओळीने मांडल्या आणि लवकर व्हावं म्हणून आच पार शेवटपर्यंत वाढवली.

आता छताला लावलेला, धूर लागताच वाजणारा भोंगा कोकलत होता. साहेब स्टुलावर चढून त्याला फडक्याने वारा घालत होते. तेवढ्यात दार धडधडलं. शेजारणीने धूर पाहून फोन केला होता. दारात साहेबांचेच जवान उभे होते, हेल्मेट, पाइप, सगळ्या जामानिम्यासकट.

"साहेब, तुम्ही?"

फडकं लपवावं की स्वतः लपावं, तेच साहेबांना कळेना.

बेडरूमचं दार उघडलं. बायको बाहेर आली.

"माझ्या हातून झालं हो," ती जवानांना म्हणाली. "हे बिचारे झोपले होते."

मग सगळ्यात ज्येष्ठ जवानाने वहिनींना समज दिली. भाषण साहेबांचंच, सूरही साहेबांचाच, मध्येच बोट उगारणंसुद्धा. वहिनींनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. साहेबांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

जवान निघाले. बायकोने खिडक्या सताड उघडल्या. ट्रेमधली कोळसा झालेली एक पट्टी चिमटीत धरली आणि आठवड्यात पहिल्यांदा नवऱ्याकडे सरळ पाहिलं.

"चुकलो म्हणताय, की बोलावू त्यांना परत?"

साहेब एवढ्या मोठ्यांदा "चुकलो!" म्हणाले, की जिना उतरणारे बूट जागच्या जागी थबकले.